३०४ अँगस्ट्रॉमच्या आलेखात सूर्य वर्षानुवर्षे मंदावताना दिसतो: कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कशी करावी

नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे एसडीओ, या यानावर एआयए नावाचा चार दुर्बिणींचा संच आहे. त्याच्या ३०४ अँगस्ट्रॉम, म्हणजे ३०.४ नॅनोमीटर, तरंगलांबीच्या चॅनेलमधली रोजची एक प्रतिमा घेऊन तिच्यातील सर्व पिक्सेलांची बेरीज केली आणि २०१० पासूनचा आलेख काढला, तर सूर्य दरवर्षी मंद होत चालल्याचे दिसते. हा आलेख पहिल्यांदा काढणारा प्रत्येक जण इथे थबकतो, कारण त्याच वर्षांत सूर्यावर नेमके उलटे घडत होते. चोविसावे सौरचक्र डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल २०१४ मध्ये शिखरावर पोहोचले. सौरडाग वाढत होते, १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीचा रेडिओ प्रवाह वाढत होता, आणि एकट्या ३०४ चा आकडा मात्र पहिल्या काही वर्षांतच निम्म्याहून खाली उतरला.

हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने आपल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात आठवडा घालवलेला असतो. मीही तो घालवला आहे. प्रोग्राम बहुधा बरोबर असतो. कमी झालेली असते ती दुर्बिणीची संवेदनक्षमता, आणि आपण हाताळतो त्या पहिल्या पातळीच्या प्रतिमांमध्ये तिची भरपाई केलेली नसते. डार्क करंट, म्हणजे अंधारातही चिपमध्ये साचणारा संकेत, वजा केलेला असतो, पिक्सेलांच्या संवेदनक्षमतेतला फरक काढणारे फ्लॅट फील्ड लावलेले असते, म्हणून माहिती तयार असल्याचा समज होतो; पण वयोमानाने आलेली घट मोजून काढण्याचे काम वापरणाऱ्यावर सोडलेले असते.

हे काम काळजीने करण्याचे कारण केवळ आलेखाच्या सुबकपणात नाही. सूर्याचे अतितीव्र अतिनील किरण, ज्यांना सगळे ईयूव्ही म्हणतात, जमिनीवर पोहोचत नाहीत. वातावरणाचे वरचे थर ते शोषून घेतात, तापतात, फुगतात आणि आयनीभूत होतात. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांवरचे घर्षण, रेडिओ लहरींचा मार्ग आणि जीपीएसची अचूकता या सर्वांचा हिशेब या किरणांच्या मोजमापावर उभा असतो. हे मोजमाप अवकाशातूनच करावे लागते, आणि एकदा कक्षेत गेलेले उपकरण परत आणून तपासता येत नाही. साऱ्या अडचणीचे मूळ तिथे आहे.

आधी साधी कारणे बाजूला काढावीत

संवेदनक्षमतेच्या घटीकडे वळण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. त्यांना वेळ थोडा लागतो, पण त्या राहून गेल्या तर पुढची सगळी दुरुस्ती चुकीच्या पायावर उभी राहते.

पहिली गोष्ट उघडझापेची, म्हणजे एक्सपोजरची. प्रत्येक प्रतिमेतील आकडा त्या प्रतिमेच्या उघडझापेच्या सेकंदांनी भागला आहे का, ते पाहावे. नेहमीची उघडझाप दोन-तीन सेकंदांची असते, पण सौरज्वाला उसळली की स्वयंचलित नियंत्रण ती कमी करते. भागाकार राहून गेला, तर ज्वालेच्याच दिवशी सूर्य अचानक अंधारल्याचे दिसेल.

दुसरी गोष्ट ग्रहणांची. एसडीओ भूसमकालिक कक्षेत फिरते, त्यामुळे वर्षातून दोनदा, सुमारे तीन-तीन आठवडे, पृथ्वी रोज काही वेळ तिच्या आणि सूर्याच्या मध्ये येते. हा काळ जास्तीत जास्त ७२ मिनिटांचा असतो. त्या वेळेतल्या आणि त्यानंतर दुर्बिणीचे तापमान पूर्ववत होईपर्यंतच्या प्रतिमा सरळ वगळाव्यात. रोज एकाच ठरावीक वेळेची प्रतिमा घेणाऱ्याच्या आलेखात या काळात खोल खाचा दिसतात, आणि त्या वर्षातून दोनदा येत असल्याने काही जण त्यांत सूर्याचा ऋतू शोधू लागतात.

तिसरी गोष्ट अंतराची, आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. अंतरातला फरक सरासरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे १.७ टक्के असतो, म्हणून संपूर्ण बिंबाची बेरीज सुमारे ३.४ टक्क्यांनी वर आणि तितकीच खाली जाते. मात्र एका पिक्सेलची तेजस्विता अंतराने बदलत नाही. बिंब लहान होते आणि त्याने व्यापलेले पिक्सेल कमी होतात, इतकेच. त्यामुळे बिंबाच्या बेरजेला अंतराची दुरुस्ती लावावी लागते, आणि सक्रिय प्रदेशातल्या ठरावीक पिक्सेलांच्या सरासरीला ती लावली तर चूक होते. ईव्हीई या सोबतच्या वर्णपटमापकाची माहिती एक खगोलीय एककाच्या, म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराच्या, हिशेबाला आणून दिलेली असते. तिची तुलना एआयएच्या कच्च्या बेरजेशी केली की गुणोत्तरात सुमारे सात टक्क्यांची वार्षिक लाट दिसते, आणि ही लाट उपकरणाच्या तापमानामुळे आली असावी असा अंदाज बांधणारे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहेत.

उरलेल्या घटीचा आकार वाचावा

ही तीन कारणे काढल्यानंतरही उतार राहतो. आता तो उतार कसा आहे ते निरखावे.

प्रदूषणामुळे आलेली घट सुरुवातीला वेगवान आणि नंतर मंद असते, कारण यान नवे असताना त्यातील गोंद, रंग, तारांची वेष्टने आणि प्लास्टिकचे भाग यांच्यातून वायू सुटण्याचे प्रमाण सर्वाधिक असते. दुसरी खूण तरंगलांबीची. सातही ईयूव्ही चॅनेलांचे आलेख एकाच कागदावर काढावेत. ९४ आणि १३१ जवळपास शाबूत दिसतील, १७१ मध्ये थोडी घट असेल, आणि ३०४ व ३३५ सर्वांत जास्त झिजलेले असतील. ही क्रमवारी योगायोगाची नाही. कार्बनची शोषणकडा, म्हणजे जिथे त्याचे शोषण एकदम बदलते ती तरंगलांबी, ४.४ नॅनोमीटरच्या आसपास आहे. तिच्या लगेच पलीकडे कार्बन बराच पारदर्शक असतो आणि तरंगलांबी वाढत जाईल तसतसे त्याचे शोषण वाढत जाते. कार्बनयुक्त रेणूंचा जो थर ९.४ नॅनोमीटरच्या किरणांना जवळजवळ अडवत नाही, तोच ३०.४ नॅनोमीटरचे किरण मोठ्या प्रमाणात गिळतो. म्हणून घट तरंगलांबीबरोबर वाढत असेल तर कार्बनचा संशय घ्यावा. सर्व चॅनेलांत ती सारखी असेल तर सीसीडी (प्रकाश टिपणारी चिप), इलेक्ट्रॉनिक्स किंवा स्वतःचा प्रोग्राम तपासावा.

तिसरी खूण मला सर्वांत उपयोगी वाटते, पण ती फार कमी लोक वापरतात. पृथ्वीवरून पाहता सूर्य सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि सक्रिय प्रदेश समोर येऊन मागे जातात, त्यामुळे आलेखावर २७ दिवसांच्या लाटा असतात. दुर्बिणीची संवेदनक्षमता घटली तर सरासरी आणि लाटांची उंची एकाच प्रमाणात कमी होते, म्हणजे टक्क्यांत मोजलेली लाट तेवढीच राहते. मात्र पार्श्वभूमीची वजाबाकी चुकली असेल किंवा भटका प्रकाश मिसळत असेल, तर सरासरीला न गुणणारा पण तिच्यात मिळणारा एक आकडा चुकलेला असतो, आणि मग टक्क्यांतली लाट बदलते. तीच लाट १०.७ सेंटिमीटरच्या रेडिओ प्रवाहाच्या लाटेशी ताडून पाहिली की गुणाकाराचा दोष आणि बेरजेचा दोष वेगळे करता येतात. बेरजेच्या दोषावर गुणाकाराची दुरुस्ती लावणे ही अशी चूक आहे की ती सौरकमाल काळात लपते आणि सौरकिमान काळात उघडी पडते.

मळ कुठे बसतो आणि तो निघत का नाही

दुर्बिणीच्या तोंडाशी एक अत्यंत पातळ धातूचा फिल्टर असतो. एआयएमध्ये १७१ आणि त्यापुढच्या तरंगलांबीच्या ईयूव्ही चॅनेलांसाठी तो ॲल्युमिनियमचा आहे, ९४ व १३१ साठी झिर्कोनियमचा. सूर्याचा दृश्य प्रकाश ईयूव्हीच्या तुलनेत इतका प्रचंड असतो की हा फिल्टर नसेल तर सीसीडीला दुसरे काहीच दिसणार नाही. यानातून सुटलेले हायड्रोकार्बनचे रेणू या फिल्टरवर आणि आतल्या पृष्ठभागांवर येऊन बसतात. एरवी ते काही काळाने उडून गेले असते, पण त्यांच्यावर सतत पडणारे अतिनील किरण त्यांचे बंध तोडतात आणि पुन्हा जोडतात, आणि त्यांचा एक चिवट थर बनतो. ज्या किरणांचे मोजमाप करायचे तेच किरण मळ पक्का करतात. त्यामुळे जे उपकरण सूर्याकडे जास्त वेळ उघडे राहते ते जास्त झिजते.

बेल्जियमच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीच्या लायरा या उपकरणाने ही गोष्ट फार स्पष्टपणे दाखवली. २ नोव्हेंबर २००९ रोजी प्रोबा-२ या युरोपीय उपग्रहावरून ते कक्षेत गेले. त्यात एकसारखे तीन संच आहेत: एक रोजच्या निरीक्षणासाठी, एक अधूनमधून खास मोहिमांसाठी, आणि एक जवळजवळ बंद ठेवून क्वचित तुलनेपुरता उघडण्यासाठी. रोजच्या संचाच्या लांब तरंगलांबीच्या चॅनेलांनी, विशेषतः लायमन-अल्फा या हायड्रोजनच्या वर्णरेषेच्या, काही महिन्यांतच आपली बहुतेक संवेदनक्षमता गमावली, आणि त्याच संचातले झिर्कोनियमचे लघुतरंग चॅनेल मात्र बरेच टिकले. जपून ठेवलेला संच नसता, तर रोजच्या संचाची झीज किती हे त्या उपग्रहावर कोणालाच सांगता आले नसते.

सीसीडी थंड ठेवलेला असतो, म्हणून पाण्याची वाफ आणि इतर बाष्पशील पदार्थ त्यावर गोठतात. हा मळ मात्र उष्णतेने निघतो. म्हणूनच अनेक उपकरणांवर सीसीडी काही तास किंवा दिवस तापवण्याची प्रक्रिया केली जाते, जिला इंग्रजीतून सरसकट बेकआउट म्हणतात. त्यानंतर आलेख एकदम वर उडी मारतो. कार्बनचा पक्का थर तापवून निघत नाही, म्हणून उडी मूळ पातळीपर्यंत जात नाही. आलेखात अशी पायरी दिसली की ती सूर्याची नाही हे ओळखण्यासाठी त्या उपकरणाच्या कामकाजाची नोंद उघडावी आणि पायरीची तारीख तिथे शोधावी. पायरीच्या दोन्ही बाजूंवर एकच गुळगुळीत वक्र बसवू नये. दोन तुकडे स्वतंत्रपणे बसवावेत. जून १९९८ मध्ये सूर्याचेच निरीक्षण करणाऱ्या सोहो या आधीच्या यानाशी संपर्क तुटला आणि काही महिने ते गप्प होते. तिथल्या ईआयटी दुर्बिणीच्या माहितीतही त्या खंडाच्या आधीचा आणि नंतरचा भाग सरळ रेषेने जोडता येत नाही.

दुरुस्तीचा आकडा कोणाच्या साक्षीवर उभा आहे

घट आहे हे कळले, तिचे कारणही कळले. आता ती किती आहे हे सांगायला असा साक्षीदार लागतो जो उपकरणाबरोबर म्हातारा झालेला नाही. माझ्या मते संपूर्ण कॅलिब्रेशनचे, म्हणजे उपकरणाचे माप खऱ्या मापदंडाशी जुळवण्याचे, सार या एका अटीत आहे, आणि बहुतेक चुका ही अट विसरल्याने होतात.

साखळीची पहिली कडी जमिनीवर आहे. अमेरिकेत मेरीलँडमधील गेथर्सबर्ग येथे एनआयएसटी या राष्ट्रीय मापन संस्थेचे सर्फ-३ नावाचे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वर्तुळात फिरवणारे यंत्र, आहे. वर्तुळात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा, त्यांचा प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र मोजले की त्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता श्विंगरच्या समीकरणाने थेट काढता येते. दुसऱ्या कोणत्याही दिव्याशी तुलना करावी लागत नाही. ईव्हीई याच ठिकाणी कॅलिब्रेट केले गेले. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बदलली की प्रकाशाचा वर्णपट बदलतो, आणि त्यावरून ग्रेटिंगच्या, म्हणजे तरंगलांबी वेगळ्या करणाऱ्या जाळीच्या, दुसऱ्या क्रमाचा प्रकाश पहिल्या क्रमात किती मिसळतो हेही काढता येते. बर्लिनमध्ये जर्मनीच्या पीटीबी संस्थेकडे असाच सिंक्रोट्रॉनवर आधारलेला मापदंड आहे, आणि सोहोवरील वर्णपटमापकांचे कॅलिब्रेशन त्याच्याशी जोडलेले होते.

दुसरी कडी रॉकेटची. ईव्हीईची जवळजवळ प्रतिकृती असलेले एक उपकरण न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथून साउंडिंग रॉकेटने वर पाठवले जाते. एसडीओच्या प्रक्षेपणानंतरचे पहिले उड्डाण सुमारे तीन महिन्यांनी, ३ मे २०१० रोजी झाले. नंतरच्या उड्डाणांत २०१८, २०२१ आणि २०२३ ची उड्डाणे येतात. रॉकेट वातावरणाच्या दाट भागावर पाचेक मिनिटे राहते, तेवढ्या वेळात सूर्य मोजते आणि पॅराशूटने खाली येते. मग तेच उपकरण पुन्हा सर्फवर नेऊन तपासता येते, आणि हीच त्याची खरी किंमत आहे: उड्डाणाआधी आणि उड्डाणानंतर त्याची संवेदनक्षमता किती होती, हे माहीत असते. एवढ्या उंचीवरही थोडा ऑक्सिजन आणि नायट्रोजन उरतो, तो काही ईयूव्ही शोषतो, आणि त्याची वजावट वातावरणाच्या प्रतिमानाने करावी लागते. पाच मिनिटांच्या या मोजणीवर वर्षभराची दुरुस्ती टेकलेली असते हे ऐकून नवख्याला अस्वस्थ वाटते, पण घट हळू आणि सलग असल्याने दोन उड्डाणांमधले अंतर वक्राने भरता येते. अट एवढीच की मध्ये पायरी नसावी.

तिसरी कडी ईव्हीई ते एआयए अशी. ईव्हीईचा मेग्स-ए हा भाग सुमारे ६ ते ३७ नॅनोमीटरचा वर्णपट मोजत असे, आणि त्यात एआयएचे सातही ईयूव्ही चॅनेल येतात. मेग्स-एचा वर्णपट एआयएच्या एखाद्या चॅनेलच्या प्रतिसादाने गुणून बेरीज केली की त्या दिवशी एआयएने किती मोजायला हवे होते ते मिळते. प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याशी त्याचे गुणोत्तर म्हणजे घट. चार वर्षे ही व्यवस्था उत्तम चालली. २६ मे २०१४ रोजी मेग्स-ए बंद पडला.

त्या तारखेनंतरची एआयएची दुरुस्ती वेगळ्या पायावर उभी आहे, आणि ती वापरणाऱ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे. रॉकेटची उड्डाणे चालू राहिली. ईव्हीईचाच ईएसपी हा भाग ३०.४ नॅनोमीटरचा पट्टा मोजत राहिला. पण रोजचा वर्णपट मिळण्यासाठी फिझम या प्रतिमानाचा आधार घ्यावा लागला, आणि हे प्रतिमान १०.७ सेंटिमीटर प्रवाह किंवा मॅग्नेशियमच्या वर्णरेषेवरून काढलेला निर्देशांक यांसारख्या निर्देशकांवरून ईयूव्हीचा अंदाज बांधते. याचा परिणाम असा की २०१४ नंतरचा दुरुस्त केलेला ३०४ चा आलेख १०.७ सेंटिमीटरच्या आलेखाशी ताडून 'दोन्ही किती छान जुळतात' असा निष्कर्ष काढणे हे वर्तुळात फिरणे आहे. एकाच्या मदतीने दुसरा दुरुस्त केलेला असताना ते जुळणारच. ज्यांना ईयूव्ही आणि रेडिओ प्रवाह यांचे नाते अभ्यासायचे आहे, त्यांनी २०१० ते मे २०१४ हा तुकडा वेगळा ठेवावा, आणि पुढच्या काळासाठी केवळ रॉकेटच्या तारखांचे बिंदू घ्यावेत. बिंदू थोडे मिळतील, पण ते कोणाचे उसने नसतील.

हा आग्रह किती महत्त्वाचा ठरू शकतो, ते २००८ च्या सौरकिमान काळात दिसले. सोहोवरील सेम हे उपकरण २६ ते ३४ नॅनोमीटरचा पट्टा १९९६ पासून मोजत होते, आणि त्याच्या आकड्यांनुसार २००८ मधला ईयूव्ही प्रवाह १९९६ च्या किमान काळापेक्षा सुमारे १५ टक्के कमी होता. रेडिओ प्रवाहातली घट त्या मानाने फारच थोडी होती. मग १५ टक्के सूर्याचे की सेमच्या ॲल्युमिनियम फिल्टरवर साचलेल्या कार्बनचे? सेमची दुरुस्ती कार्बनच्या थराच्या प्रतिमानावर आणि रॉकेट उड्डाणांवर आधारलेली होती, म्हणजे ती निराधार नव्हती, तरीही शंका घेणे रास्त होते. त्या वेळी एक अगदी वेगळा साक्षीदार पुढे आला: उपग्रहांच्या कक्षांच्या घसरणीवरून काढलेली उच्च वातावरणाची घनता. ती १९९६ च्या तुलनेत जवळपास ३० टक्क्यांनी कमी निघाली. हरितगृह वायूंमुळे उच्च वातावरण हळूहळू थंड होते हे धरूनही एवढी घट समजावून सांगायला कमी झालेला ईयूव्हीच लागत होता. वातावरणावर कार्बनचा थर बसत नाही, म्हणून या साक्षीला वजन आहे.

प्रत्यक्ष दुरुस्ती करताना

पायथॉनमध्ये काम करणाऱ्यांसाठी एआयएपाय या लायब्ररीत घटीची दुरुस्ती करणारे फंक्शन आहे. ते तारीख आणि चॅनेल घेऊन दुरुस्तीचा तक्ता वाचते आणि प्रतिमेला योग्य त्या आकड्याने भागते. आयडीएल ही भाषा आणि तिच्यातला सोलरसॉफ्ट हा सौरभौतिकीचा संच वापरणारे प्रतिसादफल (कोणत्या तरंगलांबीला दुर्बीण किती प्रतिसाद देते ते सांगणारे फल) मागताना निरीक्षणाची तारीख देऊ शकतात, आणि मग मिळणारे फल त्या तारखेच्या झिजलेल्या दुर्बिणीचे असते. तारीख न देता मागितले, तर प्रक्षेपणाच्या वेळच्या कोऱ्या दुर्बिणीचे फल मिळते. २०१० नंतरच्या निरीक्षणांवर ते लावणे ही तापमान-विश्लेषणातली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. त्यामुळे ३३५ आणि ३०४ खोटेपणाने मंद दिसतात, आणि प्रभामंडलातल्या, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या, वायूचे तापमान वाटून देणारा प्रोग्राम ही तूट भरून काढण्यासाठी वायू भलत्याच तापमानाला नेऊन ठेवतो.

याच्या उलट चूकही तितकीच घडते. कोणी एआयएपायने प्रतिमा दुरुस्त करतो, मग सोलरसॉफ्टमधून तारीख देऊन काढलेले प्रतिसादफल तिच्यावर लावतो. घट दोनदा भरली जाते आणि ३०४ चा सूर्य वर्षागणिक उजळत जातो. दोन्हींपैकी एकच करावे. यंत्रशिक्षणासाठी तयार केलेले काही संच आधीच दुरुस्त करून दिलेले असतात, म्हणून असा संच वापरण्यापूर्वी त्याचे वर्णन पूर्ण वाचावे.

तक्त्याची आवृत्ती हा आणखी एक सापळा आहे. नवे रॉकेट उडाले आणि त्याचा निकाल आला की तक्ता सुधारला जातो, आणि जुन्या तारखांचे आकडेही बदलतात. २०१९ मध्ये दुरुस्त केलेला अर्धा आलेख आणि आज दुरुस्त केलेला उरलेला अर्धा एकत्र जोडला, तर जोडाच्या जागी पायरी येईल. संपूर्ण कालखंड नेहमी एकाच आवृत्तीने पुन्हा काढावा, आणि ती आवृत्ती आलेखाखाली लिहून ठेवावी. दुरुस्ती सापेक्ष घटीची असते, हेही ध्यानात असू द्यावे. प्रक्षेपणापूर्वीच्या निरपेक्ष मापनातच सुमारे पाव हिश्श्याची अनिश्चितता आहे, आणि घट कितीही अचूक काढली तरी ती अनिश्चितता जात नाही.

तरीही आलेख वाकडा राहिला तर

सगळे नीट केल्यावरही कधीकधी बिंबाच्या एका भागाचा आलेख दुसऱ्या भागाशी जुळत नाही. अशा वेळी घट संपूर्ण प्रतिमेवर समान आहे हे गृहीतक तपासावे. सूर्याचे बिंब सीसीडीवर नेहमी त्याच जागी पडते, सक्रिय प्रदेश ठरावीक अक्षांशांवर येतात, आणि त्या पट्ट्यांतल्या पिक्सेलांना इतरांपेक्षा जास्त किरण सोसावे लागतात. ईआयटीच्या सीसीडीवर तर सूर्याची निगेटिव्हसारखी छाप उमटली होती. यावर उपाय म्हणजे यान थोडे वळवून बिंब सीसीडीच्या वेगळ्या भागावर टाकणे आणि एकच सूर्य वेगवेगळ्या पिक्सेलांनी मोजून त्यांची तुलना करणे. अशी वळणे ठरावीक काळाने घेतली जातात; त्या तासांच्या प्रतिमा आपल्या आलेखातून वगळायला विसरू नये.

३३५ बाबत एक स्वतंत्र सूचना. तो आणि १३१ एकाच दुर्बिणीत आहेत, आरशाचा अर्धा-अर्धा भाग वाटून घेतात, आणि १३१ चा थोडा प्रकाश ३३५ मध्ये गळतो. ३३५ झिजत गेला आणि १३१ टिकून राहिला, त्यामुळे या भेसळीचा वाटा वर्षांबरोबर वाढत गेला. ज्वालेच्या वेळी १३१ फार उजळतो, म्हणून अलीकडच्या वर्षांतल्या ज्वालांचे ३३५ चे वक्र केवळ घटीच्या आकड्याने भागून पूर्ण दुरुस्त होत नाहीत. इथे दुरुस्ती गुणाकाराची आणि बेरजेची अशी दोन्ही लागते, आणि २७ दिवसांच्या लाटेची वर सांगितलेली कसोटी नेमकी अशा जागी कामाला येते.

आदित्य-एल१ वरील सूट या दुर्बिणीची माहिती वापरणाऱ्यांकडून हाच प्रश्न येतो, म्हणून तिच्याविषयी थोडे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेली ही दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाली आणि ६ जानेवारी २०२४ रोजी यान एल१ भोवतीच्या कक्षेत पोहोचले. सूट २०० ते ४०० नॅनोमीटरचा, म्हणजे जवळच्या अतिनीलचा पट्टा अकरा फिल्टरांतून पाहते. ईयूव्ही तिच्या आवाक्यात येत नाही, त्यामुळे एआयएचे घटीचे आकडे किंवा त्यांची तरंगलांबीची क्रमवारी तिला लावू नये. हायड्रोकार्बनचे प्रदूषण मात्र त्या पट्ट्यातही शत्रूच आहे. तिच्या मोजमापांचा दीर्घ आलेख काढणाऱ्याने उघडझाप, अंतर आणि २७ दिवसांची लाट या कसोट्या इथल्यासारख्याच लावाव्यात. ग्रहणाची कसोटी सोडून द्यावी, कारण एल१ वरून पृथ्वी कधीच सूर्यासमोर येत नाही.

दुरुस्ती झाल्यावर शेवटची तपासणी म्हणून ३०४ चा आलेख २०१० ते २०१४ या काळापुरता ईव्हीईच्या ३०.४ नॅनोमीटरच्या रेषेवर ठेवून पाहावा. गुणोत्तर सपाट आले, वार्षिक लाट उरली नाही आणि लाटेची टक्केवारी दोन्हींत सारखी निघाली, तर पुढच्या वर्षांकडे जावे. गुणोत्तर कलते राहिले तर तक्त्याची आवृत्ती पाहावी, लाट राहिली तर अंतराची दुरुस्ती, आणि टक्केवारी जुळली नाही तर पार्श्वभूमीची वजाबाकी.